शेऱ्याच्या रकान्यातली रेघ

सार्वजनिक वाचनालयात अठ्ठावीस वर्षं कार्डं लिहिणाऱ्या बाईंना सगळे कार्डबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. वाचनालयात नवं पुस्तक आलं की त्याची तीन कार्डं व्हायची, लेखकाचं, पुस्तकाच्या नावाचं आणि विषयाचं, आणि तिन्ही बाई हाताने लिहीत. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. पुढे संगणक आला, कार्डांचे खण कोपऱ्यात ढकलले गेले, बाई संगणकावर बोटं चालवू लागल्या, तरी त्या कार्डबाईच राहिल्या. नाव एकदा चिकटलं की डिंकाहूनही घट्ट बसतं.

हे काम त्यांना शिकवलं जुन्या ग्रंथपालांनी. माणूस तापट, नाकावर राग, पण कामात चोख. पुस्तकात जे आहे तेच कार्डावर, तुमचं मत कुणी विचारलेलं नाही, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. नोंद आपली, शेरा साहेबाचा, हे दुसऱ्या दिवशी. आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणाला तिथे काही घुसडता येत नाही. बाईंच्या हे इतकं अंगवळणी पडलं की घरच्या वाणसामानाच्या यादीतही त्या रेघा ओढायच्या. धाकटी बहीण वैतागायची. "ताई, साखरेपुढे रेघ आहे. आणायची की नाही?"

"घरात आहे. म्हणून रेघ."

"मग साखर लिहिलीसच कशाला?"

 यादीत साखरेची जागा होती, म्हणून साखर लिहायची. सरळ गोष्ट होती.

एकावन्नाव्या वर्षी बाईंच्या मणक्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, पण जाताना कमरेखालचं सगळं बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. बाई म्हणाल्या, "हो, तशी नोंद करा." नोकरी अर्थातच संपली. वाचनालयाने निरोप समारंभ ठरवला, तोही थाटात, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. वाचनालयाला पुढे पाच पायऱ्या, आत गेल्यावर वर जायला आणखी बावीस. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की जिचा निरोप तिला वर कसं न्यायचं. तेव्हा मग असं ठरलं की बाईंना त्रास नको. समारंभ बाईंशिवाय झाला. भाषणं झाली, फोटो निघाला, त्यात मधली खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी शिपाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला. "सगळे फार छान बोलले, बाई," तो म्हणाला. "तुम्ही हव्या होतात."

बाई आणि धाकटी अशा दोघीच घरात. घर तळमजल्यावर, ही एक सोय. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची, सकाळी नऊला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला परत. वर्षभराने तिच्या मालकाच्या ओळखीतून बॅटरीवर चालणारी एक जुनी खुर्ची मिळाली. आधी बाई ती फक्त खोलीत फिरवत, मग दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. पदपथाला जागोजागी उंच काठ, म्हणून त्या रस्त्याच्या कडेनेच जात. मागून गाड्या भोंगे वाजवत, बाई मान वळवत नसत. हळूहळू पेठ ओळखीची झाली. न्हावी दुकानातून ओरडायचा, "बाई, जरा हळू, वेगमर्यादा आहे इथे!" बाईंना बरं वाटायचं. आजारपणानंतर लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. जे बोलायचं ते धाकटीला विचारत. यांना पाणी हवंय का, यांना ऊन लागतंय का. थट्टा करणारा निदान तोंडाकडे बघून करतो.

वाचनालय घरापासून खुर्चीने वीस मिनिटांवर होतं. बाई पाच पायऱ्यांपाशी जाऊन थांबत. शिपाई बाहेर यायचा, काय हवं विचारायचा, पुस्तक आणून द्यायचा. तोंडाचा गोड माणूस. पण बाईंना पुस्तक नको होतं, म्हणजे फक्त पुस्तक नको होतं. त्यांना आत जायचं होतं. कुठल्याही मंगळवारी दुपारी, काही कारण नसताना, कुणाला न सांगता आणि बाहेर पडताना कुणाचे आभार न मानता. कपाटांमधून फिरावं, एखादं पुस्तक काढावं, न आवडून परत ठेवावं. एवढंच हवं होतं. धडधाकट माणसाला ही इच्छा आहे हे कळतसुद्धा नाही, कारण ती उठताबसता पुरी होत असते.

म्हणून त्यांनी अर्ज केला. इमारतीस चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून मिळावा. सरकारी भाषेत त्याला उतार म्हणतात. बाईंना तो चढायचा होता, पण ते असो. अर्ज हरवला. दुसरा केला, तो पुढे गेला. तिसऱ्यावर विचारणा झाली की दिवसाला असे किती लोक येतात. बाईंनी लिहिलं, एकही नाही, कारण उतार नाही. या उत्तरावर चार महिने कुणी काही बोललं नाही. दोन वर्षं कागदी घोडे नाचले, आणि एका सकाळी इमारतीच्या मागच्या अंगाला वाळू-खडी येऊन पडली. बाई रोज बघायला जात. धाकटी म्हणायची, "ताई, घर बांधताना लोक इतक्या चकरा मारत नाहीत."

उतार झाला तो सायकलस्टँड आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या बोळात. जागा तेवढीच शिल्लक होती. लांबी कमी पडली म्हणून ठेकेदाराने चढ वाढवला; मुलं पहिल्याच दिवशी त्यावरून घसरून गेली, आणि शिपायाने त्याचं नाव घसरगुंडी ठेवलं. अर्ध्यावर तो काटकोनात वळत होता, आणि वळणावरची जागा एवढीच की खुर्चीचं तोंड फिरवावं तर मागची चाकं कठड्याला भिडत. वर दार होतं, ते बाहेरच्या बाजूला उघडणारं. दाराला वीतभर उंबरठा. बाईंनी खालूनच हे सगळं पाहिलं. वाटलं, अजून काम चालू असेल.

काम झालं होतं. पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल स्वतः घरी आले. हे नवे ग्रंथपाल, म्हणजे कधीकाळी बाईंच्याच हाताखाली नोंदी शिकलेले. "बाई, तपासणी अधिकारी येणार आहेत," ते म्हणाले. "तुमच्या अर्जामुळे हे झालंय. पहिला मान तुमचा. नाही म्हणू नका."

"वळणावर खुर्ची अडेल," बाई म्हणाल्या.

"आम्ही आहोत ना!"

त्या दिवशी धाकटीने सुट्टी घेतली, ठेवणीतलं पातळ काढून दिलं, केस विंचरून दिले. बाई कुरकुरल्या, पण मनातून हरखल्या होत्या. तीन वर्षांनी आत जायचं होतं. बोळाच्या तोंडाशी चौघं उभे होते: शिपाई, रखवालदार, बांधणी विभागातला म्हातारा बाइंडर आणि ठेकेदाराचा मिस्त्री. आधी फोटो झाला. बाईंनी खुर्ची उताराच्या पहिल्या फरशीवर चढवायची, मान वर करायची आणि हसायचं. फोटो झकास आला. पुढे चढ लागल्यावर खुर्चीची मोटर कण्हायला लागली. मग चौघांनी बाईंना उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं आणि ती खुर्ची खांद्याच्या उंचीला उचलली. वळणावर मिस्त्री म्हणाला, "डावीकडून घ्या, डावीकडून, कोपरा लागेल." कपाट चढवताना म्हणतात तसंच. बाईंचं पातळ पोटरीपर्यंत सरकलं होतं, आणि पायाला कळत नसलं तरी बाईंना कळत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा त्या आत होत्या. जुन्या कागदाचा वास, पंख्याची घरघर, वाचणाऱ्यांच्या वाकलेल्या माना. कोपऱ्यात कार्डांचे खण होते. बाइंडरने न सांगता एक खण ओढून त्यांच्या मांडीवर ठेवला. खणात त्यांचं अक्षर होतं, शेकडो कार्डांवर, काळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. बाईंना रडू आलं. बाइंडर खांदा चोळत हसला. "आलात बाई एकदाच्या," तो म्हणाला. त्याचा सदरा घामाने भिजला होता.

तपासणी अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याला त्या दिवशी आणखी चार इमारती बघायच्या होत्या, आणि घाईत असलेला माणूस कुठलीही इमारत चांगलीच बघतो. चहा आला. तक्ता पुढे आला. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, तुमच्या हातानेच भरा. साहेबांना अक्षर दाखवायचंय."

बाईंनी पेन घेतलं. अभ्यागताचं नाव. अपंगत्वाचा प्रकार. पुढचा रकाना: इमारतीत प्रवेश मिळाला का? बाईंनी क्षणभर विचार केला. मिळाला होता. त्या आत बसल्या होत्या, हातात कप होता. कसा मिळाला हे तक्त्याने विचारलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, होय. लागलेला वेळ: सहा मिनिटे. हेही खरं होतं, त्यांनी निघताना मनगटावरचं आणि आत आल्यावर भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. शेवटचा रकाना, शेरा. तिथे हात थबकला. चौघं समोर उभे होते, घाम पुसत, कौतुकाने बघत. ग्रंथपालांनी बशी पुढे सरकवली. नोंद आपली, शेरा साहेबाचा. बाईंनी त्या रकान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक स्वच्छ आडवी रेघ ओढली.

"वा, काय अक्षर आहे!" अधिकारी म्हणाले. काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही, कसं लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलं.

महिन्याभरात वाचनालयाला प्रमाणपत्र मिळालं आणि एक पाटी लागली: ही इमारत सुगम्य आहे. पाटी लागली पुढच्या दारावर, पाच पायऱ्यांच्या वर. बाईंनी ती खालून वाचली आणि मंगळवारी दुपारी, जेवण आवरून, ठरवल्यासारख्या एकट्या मागच्या बोळात शिरल्या. मोटर कण्हत कण्हत वळणापर्यंत गेली. वळणावर खुर्ची आडवी झाली आणि तशीच अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मागे बघावं तर घसरगुंडी. बाई चाळीस मिनिटं तिथे बसून होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून. स्वच्छतागृहात जाणारे येणारे बघत होते. एकाने वेळ विचारली. शेवटी रखवालदार जेवून आला.

"बाई, फोन करून यायचं ना," तो म्हणाला. "आम्ही चौघं तयार राहिलो असतो."

बाईंनी त्याच दिवशी नवा अर्ज लिहिला. चढ अमुक, वळण तमुक, उंबरठा वीतभर. सगळं मोजून, मत कुठेही न घालता. उत्तर सात आठवड्यांनी आलं, आणि इतकं नेमकं होतं की जुन्या ग्रंथपालांनी शाबासकी दिली असती. सदर अभ्यागतांनी इमारतीत प्रवेश मिळाल्याचे स्वहस्ते नमूद केले असून शेऱ्याच्या रकान्यात कोणतीही हरकत नोंदवलेली नाही. सबब विषय बंद करण्यात येत आहे. सोबत तक्त्याची प्रत जोडली होती. आपल्याच अक्षरातलं ते ‘होय’ बाई कितीतरी वेळ बघत बसल्या. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर पायाला कळायचीही सोय नव्हती.

त्यांनी ग्रंथपालांना फोन केला. ते मनापासून हळहळले. "बाई, रकाना नुसता मोकळा असता ना, तर मी मागाहून काहीतरी लिहून घेतलं असतं. पण तुम्ही रेघ मारलीत. आता तिथे घुसवणार कुठे?"

धाकटी भडकली. "तू ‘होय’ लिहिलंस तरी का? चौघांनी उचलून नेलं, असं लिहायचं!"

"तसा रकाना नव्हता."

"रकाना नव्हता!" धाकटीने कपाळावर हात मारला. "आग लागली आणि रकाना नसला तर तू ओरडणार पण नाहीस."

बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. हेच त्यांनी भाजीवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, रोज स्वतःलाही सांगितलं. पुस्तकात असेल तेच कार्डावर. शेरा साहेबाचा. माझं काही चुकलं नाही, नियमाने घात केला. असं म्हटलं की रात्री झोप बरी लागते.

पुन्हा पुस्तकं शिपायाकडून खाली येऊ लागली. बाई सायकलस्टँडच्या सावलीत बसून वाचत. तिथेच, पावसाळा सरल्यावर, तो माणूस त्यांना भेटला. तिशीचा असेल. हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीवर आला होता, पाय बारीक, दंड मात्र पैलवानाचे. कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. घरात एकाच खोलीत सहा माणसं, म्हणून वाचनकक्ष हवा होता. परीक्षेला दोन महिने राहिले होते. बाईंच्या देखत तो तीनदा त्या चढावर गेला आणि तीनदा खाली आला. तिसऱ्या खेपेला ब्रेक लागेना, म्हणून त्याने कठडा धरला, आणि तळव्याचं सालटं निघालं.

तो बाईंजवळ येऊन रक्त पुसू लागला. बाईंनी रुमाल दिला.

"तुम्ही तरी सांगा मावशी," तो म्हणाला. "हा नवा रखवालदार म्हणतो, एक बाई सहा मिनिटांत जातात इथून. कागद आहे म्हणे आत. बाईमाणसाला जमतं, तुला कसं जमत नाही, असं विचारतो मला. ऑफिसात पत्र दिलं, तर तोच कागद दाखवला. कोण ती बया, एकदा भेटायला हवी मला."

बाईंना गप्प बसता आलं असतं. तो निघून गेला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण खोटी नोंद हातून कधी झाली नव्हती, आणि गप्प बसणं म्हणजेही खोटी नोंदच, हे आता त्यांना कळत होतं.

"मीच ती," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, मग उताराकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. "या खुर्चीने गेलात?"

"नाही. चौघांनी उचलून नेलं."

"मग ‘होय’ कशाला लिहिलंत?"

बाईंनी तोंड उघडलं. नियम ओठांवर होता, रोजचा घोटलेला: रकाना नव्हता, शेरा साहेबाचा असतो. समोर सोललेला तळवा होता. त्या तळव्याला हे सांगवेना. गेले इतके महिने नियमाच्या पदराआड जे लपवलं होतं ते एकदम उघडं पडलं, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली जशी त्या दिवशी पातळ सरकल्यावरही वाटली नव्हती.

"सगळे घामाघूम झाले होते," त्या म्हणाल्या. "आनंदात होते. चहा आणला होता माझ्यासाठी. मला त्यांना नाराज करवलं नाही."

 रुमालाची घडी घालून त्याने ती बाईंच्या मांडीवर ठेवली.

"आता मी आहे नाराज," तो म्हणाला. "माझं काय करता?"

मग त्याने तीनचाकी वळवली, दुखरा हात वर धरून एकाच हाताने पॅडल मारत बोळातून बाहेर पडला, आणि पुन्हा कधी त्या वाचनालयाकडे फिरकला नाही.